निवडणूक आणि प्रमाणांचा प्रश्न

व्याख्यानमालेच्या आजच्या भागात आपण निवडणुका, समाजमाध्यमांवरचा अपप्रचार आणि निवडणूक यंत्रणेला असलेले डिजिटल धोके, या विषयाकडे वळतो आहोत. हा विषय संगणकतज्ज्ञांचा आहे, वकिलांचा आहे, पोलिसांचाही आहे. मग तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी त्यात काय सांगायचं? सांगण्यासारखं आहे, असं आम्हाला वाटतं. कारण अपप्रचाराचा मूळ प्रश्न 'आपल्याला एखादी गोष्ट कळली, असं आपण केव्हा म्हणायचं?' हा आहे, आणि या प्रश्नावर आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षं वाद झालेला आहे.

आधी एक साधी गोष्ट पाहू. निवडणुकीतून काय निष्पन्न होतं? आपण पटकन म्हणू, सरकार. पण सरकार तर तलवारीच्या जोरावरही बनतं. निवडणुकीतून निघणारी खरी दुर्मीळ चीज म्हणजे हरलेल्याची संमती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या देशात सुमारे ९७ कोटी नोंदणीकृत मतदार होते आणि ६४ कोटींच्या वर लोकांनी मतदान केलं. निकालानंतर कोट्यवधी लोकांचा उमेदवार पडला, आणि दुसऱ्या दिवशी ही सगळी माणसं आपापल्या कामाला गेली. मनात चरफड असेल, पण मोजणी झाली आहे, आता पाच वर्षांनी पाहू, हा हिशेब त्यांनी मान्य केला. लोकशाही या मान्यतेवर उभी आहे. म्हणून निवडणुकीचं रक्षण करायचं म्हणजे मताचं रक्षण करायचं, आणि त्याच्या जोडीला या मान्यतेचंही रक्षण करायचं.

हल्ला कुठे होतो?

हल्ल्याच्या तीन जागा आहेत. त्या वेगवेगळ्या ओळखायला हव्यात, कारण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिली जागा यंत्रणेची: मतदारयादी, मतदानयंत्र, मोजणीची आणि निकाल दाखवण्याची व्यवस्था. दुसरी जागा मतदाराच्या मनाची: उमेदवाराबद्दल, एखाद्या समाजाबद्दल, मतदानाच्या तारखेबद्दल खोटं सांगणं. तिसरी जागा निकालावरच्या विश्वासाची. तिथे कोणाला मत द्यायचं याच्याशी हल्लेखोराला देणंघेणं नसतं. 'सगळंच ठरलेलं असतं, मत देऊन काय उपयोग' एवढं तुमच्या मनात रुजलं की त्याचं काम झालं.

शब्दांचाही थोडा नेमकेपणा ठेवू. एखाद्या आजींनी चांगल्या हेतूनं चुकीचा निरोप पुढे धाडला, तर ती चुकीची माहिती झाली. तोच निरोप कोणी खोटा आहे हे ठाऊक असताना बनवला, तर तो अपप्रचार. खासगी कागदपत्रं चोरून, खरीच पण मोडूनतोडून, नेमक्या वेळी बाहेर काढली, तर ती तिसरी जात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल फोडून प्रसिद्ध केले गेले, ते या तिसऱ्या जातीचं उदाहरण. कागद खरे, हेतू मात्र घात करण्याचा. तेव्हा 'खरं की खोटं' एवढ्या एका चाळणीनं सगळं गाळलं जात नाही, हे लक्षात ठेवू.

चित्रफीत म्हणजे प्रत्यक्ष नव्हे

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं शब्द म्हणजे दुसऱ्यानं सांगितल्यामुळे झालेलं ज्ञान. आपल्याला जगाबद्दल जे माहीत असतं त्यातलं बहुतेक असंच आलेलं असतं. आपली जन्मतारीखसुद्धा आपल्याला दुसऱ्यांनीच सांगितलेली आहे! चार्वाकांनी शब्दाला प्रमाण मानायला नकार दिला. नैयायिकांनी मानलं, पण अट घातली: सांगणारा आप्त असला पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हं. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनानं पुढे असंही म्हटलं आहे की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. कोण बोलतो यापेक्षा त्याला माहीत आहे का आणि तो प्रामाणिक आहे का, हे महत्त्वाचं.

आता हे आपल्या हातातल्या मोबाइलला लावून बघा. व्हॉट्सॲपवर एखादा निरोप येतो. तो कोणी पाठवला? मेहुण्यानं. मेहुणा प्रामाणिक आहे, यात वाद नाही. पण त्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे का? नाही. त्याला ती सोसायटीच्या गटातून आली, तिथे आणखी कुठून तरी. म्हणजे आप्ताच्या दोन अटींपैकी एक मेहुणा पुरी करतो, दुसरी कोणीच करत नाही. आपण मात्र मेहुण्यावरचा विश्वास त्या निरोपाला बहाल करतो. अपप्रचाराचं सगळं यंत्र या एका उसनवारीवर चालतं.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. चित्रफीत पाहिली की आपण म्हणतो, 'मी डोळ्यांनी पाहिलं.' डोळ्यांनी काय पाहिलं? एक पडदा पाहिला. त्या सभेत, त्या खोलीत आपण नव्हतो. ती फीत कोणीतरी घेतली, कापली, जोडली, पाठवली. म्हणजे फीत हाही शब्दच आहे, कोणाचं तरी सांगणं आहे. तो प्रत्यक्षाचा अंगरखा घालून येतो एवढंच. शे-दीडशे वर्षं छायाचित्र आणि ध्वनिमुद्रण खोटं करणं कष्टाचं होतं, म्हणून हा फरक आपल्याला जाणवला नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेनं ते काम स्वस्त केलं आणि अंगरखा गळून पडला.

स्लोव्हाकियाचं उदाहरण घेऊ. तिथे ३० सप्टेंबर २०२३ ला संसदेची निवडणूक होती. दोन दिवस आधी एक ध्वनिफीत पसरली. प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का आणि एक पत्रकार निवडणुकीत गडबड कशी करायची, मतं कशी विकत घ्यायची, यावर बोलत आहेत, असं त्यात ऐकू येत होतं. दोघांनीही ती बनावट असल्याचं सांगितलं आणि तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही तीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुणा आढळल्या. शिमेच्कांचा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर राहिला. आता 'त्या फितीमुळेच ते हरले' असं ठामपणे म्हणायला पुरावा नाही, आणि आपण तसं म्हणू नये. पण फितीची वेळ पाहण्यासारखी आहे. त्या देशात मतदानाआधीचे दोन दिवस प्रचाराला बंदी असते. माध्यमांनी आणि पक्षांनी गप्प राहायचं. म्हणजे खोटं बोलणारा मोकळा आणि खुलासा करणाऱ्याच्या तोंडाला कायद्याची पट्टी!

शेवटचे ४८ तास

आपल्याकडेही हा प्रश्न तसाच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभा-मिरवणुका बंद होतात, दूरचित्रवाणी आणि तत्सम साधनांतून निवडणूकविषयक मजकूर दाखवता येत नाही. मतदाराला शांतपणे विचार करता यावा, हा हेतू. भोंगे आणि भिंतीवरच्या घोषणांच्या काळात तो हेतू साध्य होत असे. आता भोंगा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तो रात्री दोन वाजताही वाजतो.

महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. आदल्या संध्याकाळी दोन विरोधी नेत्यांच्या आवाजात म्हणून बिटकॉइनच्या व्यवहाराच्या ध्वनिफिती फिरू लागल्या. संबंधितांनी इन्कार केला, तक्रारी केल्या. तपासणाऱ्या पत्रकारांना त्या बनावट असण्याची दाट शक्यता दिसली. परंतु ही सगळी प्रक्रिया व्हायला वेळ लागतो आणि सकाळी सात वाजता मतदान सुरू होतं. राजकीय पक्ष कोणता, हा आपल्यापुढचा मुद्दा नाही. उद्या उलटही होईल. मुद्दा असा की खोट्याला मतदानापर्यंतच जगायचं असतं. त्यानंतर ते उघडं पडलं तरी त्याचं काम झालेलं असतं.

यावर निवडणूक आयोगानं काही पावलं टाकली आहेत. २०१९ मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनी आयोगाबरोबर ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली. शांतता काळातल्या तक्रारींवर तीन तासांत कारवाई करण्याचं त्यात कबूल केलं. मे २०२४ मध्ये आयोगानं पक्षांनाही बजावलं की बनावट मजकूर निदर्शनाला आणल्यावर तीन तासांत काढून टाका. ठीक आहे. पण समाजमाध्यमाच्या जगात तीन तास म्हणजे काय? तेवढ्यात निरोप चांद्यापासून बांद्यापर्यंत दोनदा जाऊन येतो. आणि व्हॉट्सॲपवरचं संभाषण तर कंपनीलाही वाचता येत नाही. तिथून काय काढणार आणि कसं काढणार?

गर्दी हे प्रमाण आहे का?

चार प्रमाणांत न बसणारं एक पाचवं प्रमाण आपण सर्रास वापरतो: 'इतके लोक म्हणतात, म्हणजे काहीतरी असेलच.' समाजमाध्यमांचं सगळं गणित यावर आहे. किती जणांनी पाहिलं, किती जणांना आवडलं, ते आकडे मजकुराच्या खालीच छापलेले असतात. ही गर्दी विकत मिळत असेल तर?

रोमानियात २४ नोव्हेंबर २०२४ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. कॅलिन जॉर्जेस्कू नावाचे अपक्ष उमेदवार, ज्यांना मतचाचण्या फारसं महत्त्व देत नव्हत्या, ते सुमारे २३ टक्के मतं घेऊन पहिले आले. प्रचारावर आपण एक पैसाही खर्च केला नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा प्रचार प्रामुख्यानं टिकटॉकवर झाला होता. ४ डिसेंबरला सरकारनं गुप्तचर संस्थांची काही कागदपत्रं खुली केली. त्यांत म्हटलं होतं की सुमारे २५ हजार टिकटॉक खाती मतदानाच्या दोन आठवडे आधी एकाएकी जोरात कामाला लागली. आणि निवडणुकीच्या संगणक व्यवस्थेवर ८५ हजारांहून अधिक सायबर हल्ल्यांचे प्रयत्न झाले. ६ डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं संपूर्ण निवडणूकच रद्द केली. दुसरी फेरी दोन दिवसांवर आलेली, परदेशातल्या रोमानियन नागरिकांचं मतदान सुरूही झालेलं!

इथे थांबून विचार करू. न्यायालयानं बरोबर केलं का? एका बाजूनं, विकत घेतलेल्या गर्दीनं मतदाराची फसवणूक होत असेल आणि खर्चाचा हिशेब लपवला असेल, तर ती निवडणूक समान संधीची राहत नाही. दुसऱ्या बाजूनं, नव्वद लाखांहून अधिक लोकांनी आपल्या हातानं शिक्का मारला होता. टिकटॉक पाहून का असेना, मत त्यांचंच होतं. ते मत पुसून टाकायचा अधिकार कुठून येतो? युरोपातल्या व्हेनिस आयोगानं जानेवारी २०२५ मध्ये यावर मत दिलं. त्याचा आशय असा, की निकाल रद्द करणं हा अगदी शेवटचा उपाय आहे, त्याची कारणं स्पष्ट आणि पुराव्यानिशी मांडली पाहिजेत, आणि केवळ गुप्त कागदपत्रांवर असा निर्णय उभा राहू नये.

हे शेवटचं वाक्य आम्हाला फार मोलाचं वाटतं. 'तुमची फसवणूक झाली, पण पुरावा दाखवता येत नाही, आमच्यावर विश्वास ठेवा' असं सरकारच म्हणू लागलं, तर तेही आप्ताशिवायचा शब्दच झाला. मे २०२५ मध्ये फेरनिवडणूक झाली, निकुशोर डान निवडून आले, कारभार पुढे सुरू झाला. परंतु आपलं मत एकदा पुसलं गेलं, ही आठवण लाखो लोकांच्या मनात राहिलीच. रोगानं जेवढा अशक्तपणा येतो, कधीकधी औषधानंही तेवढाच येतो.

ज्याला शंका आहे त्याला दाखवा

आता यंत्रणेकडे येऊ. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं ३ मार्च २००९ ला एक निकाल दिला. तिथे २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदानयंत्रं त्या न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली. यंत्रांत गडबड झाली, असं न्यायालयानं म्हटलं नव्हतं. म्हणणं एवढंच होतं की मतदान आणि मोजणी यांतल्या महत्त्वाच्या पायऱ्या कोणत्याही नागरिकाला, विशेष तांत्रिक ज्ञान नसताना, पडताळून पाहता आल्या पाहिजेत. म्हणजे न्यायालयानं निवडणुकीसाठी प्रत्यक्ष प्रमाणाचा आग्रह धरला.

तैवानमध्ये हा आग्रह रोज डोळ्यांनी दिसतो. तिथे मतदान संपलं की त्याच केंद्रावर, लोकांसमोर, एकेक मतपत्रिका वर धरून, नाव मोठ्यानं पुकारून मोजणी होते. बघायला कोणीही जाऊ शकतो. जानेवारी २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर मोजणीत घोटाळा झाल्याच्या फिती पसरल्या, तेव्हा त्या फार काळ टिकल्या नाहीत, याचं एक कारण हे. लोकांनी मोजणी स्वतः पाहिलेली होती. खुलासा करायला सरकारी प्रवक्त्याची वाट बघावी लागली नाही.

आपल्या व्यवस्थेतही प्रत्यक्षाच्या जागा आहेत. त्या माहीत असायला हव्यात. आपली मतदानयंत्रं इंटरनेटला किंवा एकमेकांना जोडलेली नसतात. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांची चाचणी घेतली जाते. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या खिडकीत चिठ्ठी सात सेकंद दिसते. मतदान संपल्यावर किती मतं पडली याचा नमुना १७-क मधला हिशेब प्रतिनिधींना मिळतो, आणि मोजणीच्या दिवशी तो ताडून बघता येतो. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी जुळवल्या जातात. २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल, अशी सोय केली.

एवढं असूनही शंका उरतात. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी ३ डिसेंबर २०२४ ला गावात मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं. गावातले आकडे त्यांना पटत नव्हते. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि मतदान झालं नाही. कायद्यात अशा मतदानाला जागा नाही, हे खरं. पण गावकऱ्यांची मागणी ज्ञानाच्या दृष्टीनं पाहिली तर काय दिसतं? 'आम्हाला सांगू नका, दाखवा,' एवढंच ते म्हणत होते. शंका विचारणारा आणि अपप्रचार करणारा यांत फरक केला पाहिजे. शंका विचारणाऱ्याला पुरावा दाखवला तर तो थांबण्याची शक्यता असते. अपप्रचार करणाऱ्याला पुरावा नकोच असतो. पण शंकेला आपण जमावबंदीनं उत्तर दिलं, तर पहिल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतो.

यंत्राच्या वादात एक जागा दुर्लक्षित राहते, ती मतदारयादीची. यंत्र जोडलेलं नाही, पण यादीत नाव घालण्याचे-वगळण्याचे अर्ज आता ऑनलाइन होतात. कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी नावं वगळण्याचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. तपासणीत त्यांतले फक्त २४ खरे निघाले. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे हा प्रयत्न फसला आणि गुन्हा नोंदवण्यात आला. या प्रकरणाच्या तपासावरून पुढे बराच राजकीय वाद झाला. आपल्यासाठी बोध असा की हे उघडकीला आलं ते एखाद्या भारी संगणकप्रणालीमुळे नव्हे. अर्जात ज्यांची नावं होती त्या माणसांना ओळखणारी माणसं गावात होती म्हणून. अधिकाऱ्यानं घरी जाऊन विचारणं, ही जुनी पद्धत अजून सगळ्यात मजबूत कुलूप आहे.

न्यायनिवाडा कोणी करायचा?

मग सरकारनंच खरं-खोटं ठरवून खोटं काढून टाकावं, असं कोणी म्हणेल. या वाटेवर महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी अटक झाली. मुंबई बंद का, असा साधा प्रश्न एकीनं विचारला होता आणि दुसरीनं तो आवडल्याचं दर्शवलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला की सरकारी कारभाराविषयी काय खोटं हे सरकारचाच एक कक्ष ठरवेल. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, प्रकरण तिसऱ्यांकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरला.

आपल्याच दाव्यात आपणच न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व यामागे आहे. निवडणुकीत तर सत्ताधारी पक्ष हा एक उमेदवार असतो. त्याच्या हाती सत्याचा शिक्का देणं म्हणजे सामन्यात खेळणाऱ्या संघाच्या कप्तानालाच पंच करणं.

म्हणून मजकूर काढण्याआधी जिथे मजकुराचा वेग कमी करता येतो, तिथे तो करावा. त्यात सत्य-असत्याचा निवाडा लागत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्या वर्षी देशभर अशा घटना घडल्या. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये खूपदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी, असं केलं. कोणाचं तोंड बंद झालं नाही. हात जरा जड झाला. याच प्रकारात प्रायोजित प्रचाराचा पैसा कोणाचा हे उघड करणं येतं, बनावट खात्यांच्या झुंडी शोधणं येतं, कृत्रिम मजकुरावर तशी चिठ्ठी लावणं येतं. हे सगळं मताच्या आशयाला हात न लावता करता येतं.

संशय किती करायचा?

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःबद्दल. ज्ञानाच्या प्रामाण्याविषयी आपल्याकडे मोठा वाद आहे. मीमांसक म्हणतात, झालेलं ज्ञान हे खरंच धरायचं. बाधक कारण दिसलं तर सोडायचं. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून तपासून ठरतं. रोजच्या व्यवहारात आपण सगळे मीमांसक असतो आणि असायलाच हवं. दूधवाल्यानं 'उद्या येणार नाही' म्हटलं तर आपण पुरावा मागत बसत नाही. पण निवडणुकीच्या दिवसांत, विशेषतः शेवटच्या ४८ तासांत, आपण नैयायिक व्हावं. निरोप आला की तीन प्रश्न विचारावेत: हे ज्याला स्वतः माहीत आहे असा माणूस यात कोण आहे? त्याला खरं सांगण्यात रस आहे की आपल्याला चिथावण्यात? आणि हे नेमकं आजच का आलं?

मात्र दुसऱ्या टोकालाही जायचं नाही. 'आता कशावरच विश्वास ठेवता येत नाही' हे वाक्य शहाणपणाचं वाटतं, पण ते लबाडाच्या पथ्यावर पडतं. अमेरिकेतल्या दोन कायदेपंडितांनी, रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन यांनी, याला लबाडाचा लाभांश म्हटलं आहे. बनावट फिती सगळीकडे असल्या की खऱ्या फितीत पकडला गेलेला माणूसही म्हणतो, ही बनावट आहे! सगळंच खोटं मानणारा समाज फसवायला सगळं खरं मानणाऱ्या समाजाइतकाच सोपा असतो. तपासून ठेवलेला विश्वास मतदाराला घडवतो.

आपलं बोलणं इथे थांबवू. वेळेअभावी दोनच प्रश्न घेता येतील.

श्रोत्यांचे प्रश्न

*मराठीत अशा गोष्टी तपासून घ्यायच्या तर कुठे जायचं?*

आपली भाषा इथे मागे राहिली आहे, हे मान्य करू. मार्च २०२४ मध्ये बनावट फिती तपासण्यासाठी व्हॉट्सॲपवर मदतवाहिनी सुरू झाली, ती इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. सुरुवातीच्या यादीत मराठी नव्हती. तरी काही वाटा आहेत. निवडणुकीच्या प्रक्रियेबद्दलच्या अफवांसाठी आयोगानं एप्रिल २०२४ पासून 'मिथक विरुद्ध वास्तव' अशी नोंदवही संकेतस्थळावर ठेवली आहे. १९५० या क्रमांकावर मतदार मदतकेंद्र आहे. आचारसंहितेच्या भंगाची तक्रार सी-व्हिजिल ॲपवरून करता येते. आणि यादीतलं स्वतःचं आणि घरच्यांचं नाव निवडणूक जाहीर होण्याआधीच बघून घ्यावं; मतदानाच्या दिवशी नाव नाही म्हणून कळलं तर उपाय उरत नाही.

*घरातली वडीलधारी माणसंच खोटे निरोप पाठवतात. काय करावं?*

चारचौघांच्या गटात त्यांची चूक दाखवू नये. माणूस माहितीपेक्षा मानाला जास्त जपतो, आणि आमच्या वयाची माणसं तर विशेष जपतात. फोन करावा आणि विचारावं, 'काका, हे तुम्हाला कुणाकडून आलं हो?' काका म्हणतील, अमक्याकडून. 'त्यांना कुणी पाठवलं?' दोन पायऱ्या मागे गेलं की बहुधा काकांच्याच लक्षात येतं की मुळाशी कोणीच नाही. आप्ताचा शोध ज्यानं त्यानं स्वतः घेतला तर तो टिकतो. तेव्हा निरोप पुसायला लावण्याऐवजी त्याचा उगम त्यांनाच शोधायला लावा.